'काका, जरा बाहेर पडा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यातल्या 'आळीचा संघ' या लेखाखाली 'एक रत्नागिरीकर, सध्या डोंबिवली' अशा सहीने एक प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण तीन दिवस ती डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आळीचा कबड्डीचा संघ बंद पडला त्याचा दोष सगळे मोबाइलला देतात. माझं म्हणणं असं होतं, की आळीतली पोरं सहा दिशांच्या सहा शाळांत जायला लागली तिथेच संघ संपला. त्यावरची प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो:

"गाव न सोडलेल्या माणसाचा गहिवर आहे हा. टिळकसुद्धा दहाव्या वर्षी रत्नागिरी सोडून पुण्याला गेले म्हणून टिळक झाले. आईबापांनी पोरांना चांगल्या शाळेत घातलं तर तुमच्या पोटात का दुखतं? कबड्डीवर घर चालत नाही. तुमच्या त्या संघात राजिवड्याचा, मिरकरवाड्याचा एक तरी पोरगा होता का? मुली कुठे होत्या? तुमची स्वतःची मुलगी कुठल्या शाळेत जायची तेही लिहा. आणि पतितपावन मंदिर १९२९ चं नाही, १९३१ चं आहे. काका, जरा बाहेर पडा."

मंदिराचं वर्ष माझं चुकलं. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ चंच. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती तुमच्यामुळे झाली असं खाली लिहिलंही आहे. चूक दाखवली तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं, कोणीतरी नीट वाचतंय म्हणून.

राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही मला 'काका' म्हणालात. आमच्याकडे काका म्हणतात तेव्हा आधी पायातल्या चपला बाहेर काढून पडवीत येतात, पाणी घेतात आणि मग बोलतात. तुम्ही दारातूनच काका म्हणून हाक मारलीत आणि पुढच्या तीन शब्दांत मला घराबाहेर काढलंत. हे बोलणं रत्नागिरीचं नाही. भांडण आमच्याकडेही कडाक्याचं होतं, गडग्यावरून, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणावरून, दोन-दोन पिढ्या कोर्टात जातात, पण समोरच्याचं आयुष्य माहीत नसताना त्यावर शेरा मारत नाहीत.

'गाव न सोडलेल्या माणसाचा गहिवर.' तुम्ही हे कशावरून लिहिलंत? मी लेखात माझा पत्ता दिला, आजचा. त्यावरून तुम्ही धरून चाललात की हा माणूस जन्मभर इथेच बसला. मग ऐका.

मी १९९० साली मुंबईला गेलो. दहावी-बारावी इथे झाली, कॉमर्सचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं आणि चुलत्याच्या ओळखीने लोअर परळला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहायला लागलो. राहायला गाववाल्यांची खोली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत चौदा माणसं होती आणि प्रत्येकाला भिंतीशी एक ट्रंक ठेवायची जागा. पाळीप्रमाणे झोपायचं. चुलते गिरणीत होते, म्हणजे नावाला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांची गिरणी कधी पूर्ण चाललीच नाही. खानावळीचे पैसे मी दोघांचे भरायचो. आठ वर्षं काढली तिथे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून १९९८ ला परतलो, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली त्याच वर्षी. मला रत्नागिरीपलीकडचं जग दाखवायची गरज तुम्हाला वाटली असेल, तर त्यासाठी तुम्हाला जरा उशीर झाला आहे.

आणि मुद्द्याची गोष्ट अशी, की तुम्ही ज्याला गहिवर म्हणता तो विचार मला रत्नागिरीत सुचलेलाच नाही. तो परळला सुचला. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी इथली कबड्डी कोणी उभी केली? आमच्या-तुमच्या आजा-चुलत्यांनी. गिरणीतली पाळी सुटली की चाळीच्या पटांगणात लंगोट कसणारी माणसं ती. मी गेलो तेव्हा त्या मंडळांचा भर ओसरत होता, तरी संध्याकाळी मैदान रिकामं नसायचं. एका चाळीचा एक संघ. त्या चाळीतली पोरं एकाच म्युनिसिपालटीच्या शाळेत जायची, एकाच नळावर अंघोळ करायची, एकाच गल्लीतून परत यायची. कोणाला बोलवायला जावं लागत नसे. जिन्यावरून शिट्टी मारली की सातजण खाली.

मग काय झालं तेही मी पाहिलं. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, पैसे घेऊन माणसं विरारला गेली, बदलापूरला गेली, आणि हो, डोंबिवलीलाही गेली. त्या माणसांचं मी वाईट म्हणत नाही, दोन खोल्यांचं स्वतःचं घर कोणाला नको असतं? पण मंडळाचा बोर्ड तिथेच राहिला आणि खेळणारी पोरं चाळीस किलोमीटरवर पांगली. नंतर नंतर तर मंडळ स्पर्धेपुरती पोरं गोळा करायचं. कोण कुठून लोकलने येतंय, कोणाचा पत्ता नाही, सरावाशिवाय थेट सामना. पहिल्या फेरीत बाहेर. हे पाहून मी रत्नागिरीला आलो, आणि पुढच्या दहा वर्षांत माझ्या आळीत तेच होताना पाहिलं. फरक एवढाच की इथे घरं जागेवर राहिली आणि शाळा लांब गेल्या. त्या लेखामागे एवढं आयुष्य आहे. ते तुम्ही एका शब्दात पुसलंत.

लेखात मी हे थोडक्यात लिहिलं, बहुतेक फारच थोडक्यात, म्हणून आता फोडून सांगतो. तुम्ही कबड्डी खेळलात की नाही मला माहीत नाही. प्रतिक्रियेवरून वाटतं की नसाल, खेळला असलात तर क्षमा मागतो. मैदानात सातजण, बाहेर पाच राखीव, असे संघाला बारा लागतात. पण सरावाला कमीत कमी चौदा लागतात, कारण समोर कोणीतरी चढाई करायला हवं. चढाई एकट्याची असते. अंगात चपळाई असेल तर एखादा पोरगा सरावाशिवायही दोन गुण आणील. पकड एकट्याची नसते. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक हात धरून साखळी करतात. कोपऱ्याने घोटा धरला की त्याच क्षणी मध्यरक्षकाने कमरेत शिरायचं. अर्धा क्षण उशीर झाला तर घोटा सुटतो आणि एकाऐवजी दोघे बाद. हा अर्धा क्षण शिकवता येत नाही. तो रोज संध्याकाळी, त्याच जोडीदाराबरोबर, वर्षानुवर्षं, मार खाऊन येतो. माझा जोडीदार माझ्या घरामागच्या पाखाडीवर राहायचा. तो उजवा कोपरा, मी उजवा मध्यरक्षक. शाळेत आम्ही एका बाकावर. तो श्वास कधी रोखून धरतो हे मला न बघता कळायचं, कारण वर्गात गणित चुकलं की तो तसाच श्वास रोखायचा.

आमची शाळा घरापासून चालत बारा मिनिटांवर. पाच वाजता घंटा, सव्वापाचला दप्तर ओट्यावर, साडेपाचला मैदान. दिवेलागणीला आई हाक मारायची तोवर दीड तास मिळायचा. आज माझ्याच आळीत काय आहे ते बघा. एकाची व्हॅन सकाळी साडेसहाला येते, एकाची सव्वासातला. एक कुवारबावच्या पुढे जातो, एक शिरगावकडे, दोघे नाचण्याच्या बाजूला. एक तीनला परततो, एक पाचला. जो तीनला येतो तो चारला क्लासला जातो, जो पाचला येतो तो सहाला. कोणाची सहामाही सप्टेंबरात, कोणाची ऑक्टोबरात. एकाच गडग्याला लागून राहणाऱ्या दोन पोरांची सुट्टी एका दिवशी येत नाही. मी विचारलं होतं एका मुलाला, शेजारच्या घरातल्या मुलाचं नाव काय. आडनाव सांगितलं त्याने.

यात मी कुठे म्हटलं की इंग्रजी वाईट? माझा सगळा लेख अंतराबद्दल आहे. 'इंग्रजी' हा शब्द त्यात दोनदा आलाय, मोजून बघा. तुम्ही मात्र वाचायला बसण्याआधीच ठरवून टाकलं होतं की हा कोणीतरी मराठी शाळांसाठी गळा काढणारा म्हातारा आहे. मराठी शाळांबद्दल मला माया आहे आणि ती मी लपवत नाही. दामले विद्यालय नगर परिषदेचंच आहे, मराठी माध्यमाचंच आहे, आणि त्या शाळेचं नाव आजही गावात मानाने घेतात. दहावीला आमचा कोकण विभाग, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, २०२४ ला ९९.०१ टक्के होता आणि राज्य ९५.८१, २०२५ ला ९८.८२, राज्य ९४.१०. स्वतंत्र विभाग झाल्यापासून पहिला नंबर सोडलेला नाही. 'चांगली शाळा' म्हणजे पिवळी बस असलेली शाळा, हे कोणी ठरवलं?

आता टिळक. गावाच्या मोठ्या माणसाचं नाव घेऊन गावातल्या साध्या माणसाला गप्प करायची ही जुनी पद्धत आहे, आणि मला ती आवडत नाही. टिळक दहा वर्षांचे असताना पुण्याला गेले हे खरं. पण का गेले? वडील गंगाधरपंत इथे शाळामास्तर होते, त्यांना बढती मिळून १८६६ साली पुण्याला बदली झाली. चांगली शाळा शोधत कोणी गेलं नव्हतं. मास्तरांची बदली झाली की बिऱ्हाड हलतं, तसं हललं. आणि त्याआधी त्या मुलाचं संस्कृत आणि गणित कोणी पक्कं केलं होतं? याच रत्नागिरीत, घरी, बापाने. शिवाय टिळकांचंच उदाहरण घ्यायचं तर पुढचंही घ्या. डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम, कुस्ती, पोहणं यांत घालवलं आणि त्यापायी ते वर्ष गेलं. शरीर कमावणं त्यांना अभ्यासाइतकंच महत्त्वाचं वाटलं होतं. तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतं.

कबड्डीवर घर चालत नाही, या वाक्यावर फार लिहीत नाही. २०१४ पासून प्रो कबड्डी आहे, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि पोलिसांत खेळावर लागलेली माणसं तुमच्याही नात्यात असतील. आणि घर चालावं म्हणून आम्ही खेळत नव्हतो.

राजिवड्याचा, मिरकरवाड्याचा, म्हणजे इथल्या मच्छीमार वस्त्यांतला, मुलगा आमच्या संघात होता का? नव्हता. त्यांची मुलं त्यांच्या बंदरावर खेळायची, आम्ही आमच्या मैदानावर. मांडवीचा संघ मांडवीचा, झाडगावचा झाडगावचा. बारा वाड्यांचा भैरी आमचा, त्याची पालखीसुद्धा वाडीवाडीने फिरते. प्रत्येक वाडीला आपला अभिमान होता आणि कोणी कोणाला अडवलेलं नव्हतं. यात तुम्हाला जे वाचायचं आहे ते मी लिहिलेलं नाही. आज रविवारी सकाळी माझ्याकडे नऊ पोरं येतात, त्यांतले दोन राजिवड्याचे आहेत. झालं समाधान? हा विषय या लेखाचा नव्हता, म्हणून इथेच थांबतो.

मुली शाळेच्या पटांगणात खो-खो खेळायच्या, आणि आमच्यापेक्षा पुढे गेल्या. ऐश्वर्या सावंत महाराष्ट्राकडून खेळली ती रत्नागिरीचीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा आमच्या आळीत टीव्हीपुढे ओरडणाऱ्या सगळ्या बायका चाळिशीच्या पुढच्या होत्या. सगळ्या शाळेच्या संघातल्या. त्यांनी कोणाला परवानगी विचारली नव्हती.

राहिली माझी मुलगी. खरं तर हा प्रश्न तुम्ही विचारायला नको होता. मी माझ्या लेखात कोणाच्या घरात शिरलो नव्हतो. तरी उत्तर देतो, नाहीतर उद्या म्हणाल की लपवलं.

होय, ती सातवीपर्यंत इंग्रजी माध्यमात होती. घरापासून नऊ किलोमीटर. तेव्हा मलाही तेच बरोबर वाटलं होतं, आणि बायकोने नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मुलगी खो-खोत चांगली निघाली, म्हणजे खरंच चांगली. खांबाजवळून वळताना तिचा पाय लागायचा नाही. सातवीत जिल्ह्याच्या निवड चाचणीला तिला बोलावणं आलं. शाळा म्हणाली, त्या दिवशी युनिट टेस्ट आहे. मी रजेचा अर्ज घेऊन गेलो. सकाळी दहापासून एक वाजेपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. एक वाजता मला आत बोलावून सांगण्यात आलं, की एकीला सोडलं तर सगळे पालक मागणी करतील. पाच मार्कांची ती टेस्ट होती. मुलीने ती दिली, साडेचार मार्क मिळवले, आणि घरी येऊन बूट कपाटाच्या वर टाकले. त्या वर्षी ते खाली आले नाहीत.

आठवीला तिला मी चालत जाता येईल अशा शाळेत घातलं. मराठी शाळा, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, ज्याला सेमी म्हणतात ते. घरातल्यांनी वेड्यात काढलं. पहिले दोन महिने ती रडली, कारण इतिहासाच्या उत्तरांना मराठी शब्द सापडेनात. तिसऱ्या महिन्यापासून संध्याकाळी घराबाहेर तिच्या मैत्रिणींच्या हाका सुरू झाल्या. सात वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात कोणी तिला हाक मारायला आलं होतं. जिल्ह्याला ती पुढे गेली नाही, ते वय निघून गेलं होतं. आज सांगलीला फिजिओथेरपी शिकते. तिचं इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे सगळं मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण ते तिचं आहे. तुम्ही लिहायला लावलंत. तिला विचारून लिहिलंय.

तुमच्या पोरांना कुठल्या शाळेत घालायचं हे तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण माझ्या पोटात दुखतं असं तुम्ही म्हणालात, तर हो, दुखतं. शेजारच्या मुलाचं नाव माहीत नसलेलं पोरगं पाहिलं की दुखतं. मैदानाच्या अर्ध्या भागात व्हॅन उभ्या असतात त्या पाहिल्या की दुखतं. याला तुम्ही गहिवर म्हणा, नाहीतर आणखी काही.

सही 'रत्नागिरीकर' अशी केली आहेत. तुमचं मूळ कुठलं ते विचारत नाही. गणपतीत येत असाल, शिमग्याला पालखी नाचवायला येत असाल, तेवढ्याने माणूस इथला ठरतो की नाही यावर मी बोललो तर माझंही तुमच्यासारखंच होईल, म्हणून बोलत नाही.

दिवाळीत येणार असाल तर कळवा. पावसात मैदान बंद असतं, गवत कमरेपर्यंत वाढतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही ते कापतो, दगड वेचतो, माती चाळून टाकतो आणि पाणी मारून दाबतो. मग तेरा बाय दहा मीटरची आखणी करून चुन्याची फक्की टाकायची असते. फक्की मी टाकतो. टेप धरायला दुसऱ्या टोकाला एक माणूस लागतो.